हेरलेकरांच्या वाट्या

"शिरा आहे. गरम आहे तोवर खाऊन घ्या," असं म्हणून चौथ्या मजल्यावरची ती बाई माझ्या दारात उभी राहिली, आणि वाटी माझ्या हातात देता देता तिची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली. पलंगावर गेली, कपाटावर गेली, खिडकीवर जरा थांबली आणि परत माझ्या तोंडावर आली.

"कशाबद्दल?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"सण नाही, वार नाही. शिरा कशाबद्दल?"

ती हसली. तोंड हसलं, डोळे आपले कामात. "अहो, शेजारधर्म. मी अस्मिता हेरलेकर, सोसायटीची सेक्रेटरी. तुम्ही नवीन आलात ना, दुसऱ्या मजल्यावर?"

दुसरा मजला हे शब्द ती जरा दबक्या आवाजात बोलली. त्या इमारतीत सगळेच ते शब्द दबक्या आवाजात बोलायचे.

इमारत कोल्हापूरच्या ऐन मध्यात, जुन्या गुळाच्या वखारीच्या जागेवर. पाया खणला तेव्हा मातीतसुद्धा गुळाचा वास होता म्हणे, आणि मुंग्या मात्र शेवटपर्यंत हटल्या नाहीत. कागदावर तिचं नाव हरितांगण, पण रिक्षावाल्याला गूळवखार म्हटल्याशिवाय कळत नसे. खाली पिठाची गिरणी, औषधाचं दुकान, बँक. पहिल्या मजल्यावर वकिलांची ऑफिसं. तिसऱ्यापासून वर मालकीचे फ्लॅट. गच्चीवर सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापायचं, पावसाचं पाणी टाकीत साठायचं, आणि आंघोळीचं पाणी कर्दळ-अळूच्या वाफ्यातून गाळून परत संडासाला यायचं. मधला दुसरा मजला आमचा. सोसायटीला जागा स्वस्तात मिळाली ती याच अटीवर, की एक मजला आमच्यासारख्यांना द्यायचा. आमच्यासारखे म्हणजे दवाखान्यातून सुटलेले, पण घरी कोणी न नेलेले. प्रत्येकाला एक खोली, सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर, आणि लक्ष ठेवायला हा मजला चालवणाऱ्या संस्थेच्या वृषालीताई.

मी दहा-बारा वर्षं वेड्यांच्या इस्पितळात काढली. आता त्याचं नाव बदललंय, पण भिंती त्याच आहेत. मला काय झालं होतं, तर भावाच्या घरी असताना भावजय माझ्या ताटात काहीतरी घालते असं मला वाटायचं. वाटायचं कसलं, खात्रीच होती. घालत होती की नव्हती, ते आज मला कोणी शपथेवर विचारलं तरी सांगता यायचं नाही. पण डॉक्टरांनी एका शब्दात निकाल लावला. संशय हाच माझा आजार.

आता बघा माझी पंचाईत. गूळवखारीत सहा महिने नीट राहिले तर खोली कायमची माझी, नाहीतर उचलून परत दवाखान्यात. आणि नीट राहायचं म्हणजे संशय घ्यायचा नाही. दुसऱ्या कोणी संशय घेतला तर त्याला लोक सावध म्हणतात. मी घेतला की गोळी वाढते.

तर ती वाटी. मी दार लावलं आणि शिऱ्याचा वास घेतला. वेलदोडा, तूप, आणि कुठं तरी किसलेल्या लिंबाच्या सालीचा वास. चांगला होता. चांगला होता म्हणूनच मी तो खाल्ला नाही. उगाच कोण कुणाला इतकं चांगलं करून देतं? मी जाऊन तो आमच्या मजल्याच्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत ओतला आणि वाटी घासून फळीवर ठेवली.

दोन दिवसांनी बाई परत हजर. या वेळी वाटीत खीर.

"शिरा आवडला नाही वाटतं," ती म्हणाली.

"आवडला की. का?"

"नाही, सहज." आणि नजर परत पलंग, कपाट, खिडकी.

हिला कसं कळलं? मी दार लावून भिंतीला टेकून उभी राहिले. खोलीत काही बसवलंय का, म्हणून कपाटाच्या मागं बघितलं, दिव्याचं बटण चाचपलं. मग स्वतःलाच शिव्या घातल्या. 'शालन, गप. हेच ते. इथूनच सुरू होतं.'

उलगडा झाला तो गच्चीवर कपडे वाळत घालताना. सगळ्या मजल्यांचा ओला कचरा वरच्या खताच्या हौदात जायचा, आणि त्या हौदावर देखरेख कुणाची, तर याच अस्मिताबाईची. हातात रबरी मोजे घालून ती एकेक बादली ओतण्याआधी काडीनं ढवळून बघत होती. कुणी प्लॅस्टिक टाकलंय का ते बघायला, असं म्हणायची. तिसऱ्या मजल्याची बादली तिनं दोनदा ढवळली आणि ओतली. आमची मात्र कितीतरी वेळ ढवळत बसली. मला हायसं वाटलं आणि रागही आला. दुसऱ्या कुठल्या इमारतीत माणूस काय टाकतो ते माणसाला आणि घंटागाडीलाच ठाऊक असतं. इथं पर्यावरणाच्या नावाखाली आमचं खरकटं तपासलं जात होतं.

पण सांगणार कुणाला? वृषालीताईंना म्हणाले असते, 'वरची बाई माझ्यावर पाळत ठेवते,' तर त्यांनी प्रेमानं पाठीवर हात ठेवला असता, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले असते.

खीर मी टाकली नाही. माझी शेजारीण हौसा दारातच उभी होती. तिनं "मला?" म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वाटी तोंडाला लावली. मी रात्रभर तिच्या घोरण्याकडं कान देऊन पडले. सकाळी ती ठणठणीत उठली आणि म्हणाली, "अजून आहे का गं?" तेव्हापासून मी पण खायला लागले. पहिला घास तिचा, दुसरा माझा.

आणि मग एक गोष्ट ध्यानात आली. हा हात अस्मिताबाईचा नव्हता. तिची नखं लांब, रंगवलेली. आणि वाटीत कधी उकडलेल्या शेंगा, कधी वाटीवर झाकलेलं खमंग थालीपीठ, त्यावर बोटांचे ठसे उमटलेले, बुटक्या, जाड बोटांचे. बाई नुसती आणून देत होती. करत दुसरंच कोणीतरी होतं. कोण करतं? आणि का? हा नवा घोर माझ्या जिवाला लागला.

वाट्या फळीवर साचत गेल्या. प्रत्येकीच्या कडेला कोरलेलं नाव, 'सौ. सुलोचना द. हेरलेकर'. परत का दिल्या नाहीत? अहो, कशा देणार? कुणाच्या घरची वाटी रिकामी परत द्यायची नसते. निदान साखरेची चिमूट तरी घालावी, हे माझ्या आईनं मला परकर नेसायच्या वयात शिकवलेलं. माझ्याकडं चिमूटभर सुद्धा नव्हतं. आमच्या स्वयंपाकघराचा गॅस वृषालीताई समोर असल्याशिवाय पेटायचा नाही, सुऱ्या कुलपात. करू द्या म्हटलं असतं तर कुणाची वाटी, कशासाठी, त्या बाईंबद्दल तुला काय वाटतं, अशी सगळी लांबण लागली असती. म्हणून वाट्या घासून, पुसून, ओळीनं मांडून ठेवल्या होत्या.

एका रविवारी सकाळी दार वाजलं. बाहेर अस्मिताबाई, सोसायटीचे चेअरमन बाबर साहेब, आणि त्यांच्या मागं तोंड उतरलेल्या वृषालीताई.

"बघा," अस्मिताबाईंनी थेट फळीकडं बोट केलं. "मी म्हणत नव्हते? सगळ्या इथंच आहेत."

बाबर साहेब अवघडले. निवृत्त पोस्टमास्तर, भांडणाचा त्यांना कंटाळा. "शालनबाई, या वाट्या हेरलेकरांच्या आहेत ना?"

"नाव आहे की त्यावर."

"मग तुमच्याकडं कशा?"

"ह्यांनीच दिल्यात."

"दिल्या त्या परत करायला," अस्मिताबाई म्हणाल्या. "सासूबाई माझा जीव खातात. रोज सकाळी उठल्या की एकच, वाटी आली का, वाटी आली का. माहेरनं दिलेल्या वाट्या आहेत त्यांच्या. आज वाट्या, उद्या गच्चीवरचे कपडे, परवा आणखी काय. साहेब, मी आधीच म्हटलं होतं, हा मजला आपल्याला झेपणार नाही. संस्थेला तक्रार गेलीच पाहिजे."

तक्रार म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

वृषालीताई हळूच म्हणाल्या, "शालन, परत का नाही दिल्यास?"

"रिकाम्या कशा देऊ?"

"काय?"

"वाट्या. रिकाम्या कशा देऊ कुणाच्या घरी? घालायला माझ्याकडं काय होतं?"

बाबर साहेबांनी मान खाली घातली आणि उगाचच चष्मा पुसला. अस्मिताबाईंच्या तोंडावरून काहीतरी सरकून गेलं. त्याही इथल्याच मातीतल्या. त्यांना काय ठाऊक नव्हतं होय? पण त्या हट्टाला पेटल्या होत्या.

"बरं. मग शिरा बादलीत का टाकलात? घरचं तुपातलं अन्न! साध्या माणसाला असं सुचतं का?"

आता सगळे माझ्याकडं बघत होते. वृषालीताईंच्या डोळ्यांत भीती होती, माझ्यासाठीची भीती. खोटं बोलले असते, नासला होता म्हणाले असते, तर सुटले असते. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"कारण मला वाटलं, तुम्ही मला बघायला येता," मी म्हणाले. "वाटी नुसतं निमित्त. पलंग बघता, कपाट बघता, आमची बादली ढवळून बघता. मला संशय आला. आला तर आला! न्या मला परत."

"शालन..." वृषालीताई म्हणाल्या. मग थांबल्या, आणि वळून माझ्याऐवजी अस्मिताबाईंना विचारलं, "वहिनी, हे खरं आहे का?"

अस्मिताबाई लाल झाल्या. "सेक्रेटरी म्हणून लक्ष ठेवणं माझं कामच आहे. वर लहान मुलं राहतात. सासूबाई म्हणाल्या नेऊन दे, मी म्हटलं बरंच झालं, आत काय चाललंय तेही कळेल. त्यात चुकलं काय?"

खरं सांगते, त्या क्षणी मला रागाऐवजी आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा माझा संशय खरा निघाला होता, आणि तोही दोन साक्षीदारांसमोर.

बाबर साहेब म्हणाले, "संध्याकाळी मीटिंग आहेच. तिथं ठरवू. तोवर वाट्या देऊन टाका बाई."

"देते," मी म्हणाले. "पण भरून. ताई, मला दुपारपर्यंत गॅस द्या."

वृषालीताईंनी कमरेची किल्ली काढली.

घालायचं काय? मजल्याच्या शिध्यात डाळ होती, शेंगदाणे होते, गुळाचा खडा होता. मी गच्चीवर गेले. पाणी गाळायच्या वाफ्यात कर्दळीच्या मागं अळू माजला होता. वरच्या मजल्यावरचं कुणी त्याला शिवायचं नाही, आंघोळीच्या पाण्यावरचा म्हणून. हात् मेल्यांनो! अळू कधी गंगाजलावर उगवलाय? आमच्या गावाकडं मोरीच्या तोंडाशीच लावायचे तो. देठ बघितले, काळपट होते, चांगल्या जातीचा. ओंजळभर पानं घेऊन आले आणि चांगली दोन-तीन पाण्यांतून धुतली. इतक्या वर्षांनी हातात सुरी आली. वृषालीताई शेजारी उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. डाळ शिजली, अळू घोटला, फोडणी दिली. चिंच मात्र डब्याच्या तळाशी एक बुटुक उरलेलं. हौसा येता-जाता चोखायची ती! तेवढंच कोळून घातलं आणि देवाचं नाव घेतलं.

वाट्या ताटात मांडून मी आणि वृषालीताई जिन्यानं वर गेलो. दार अस्मिताबाईंनीच उघडलं. बाबर साहेबही आत बसलेले, बहुतेक मीटिंगचंच चाललं होतं. खिडकीपाशी खुर्चीत एक म्हातारी, पांढरीशुभ्र, पाय सुजलेले. मी आधी तिची बोटं बघितली. बुटकी, जाड.

"आली का वाटी?" ती म्हणाली.

"आल्या आक्का, सगळ्या आल्या," अस्मिताबाई म्हणाल्या. "त्यात काहीतरी घालून आणलंय."

"अगं मग तेच विचारते मी इतके दिवस! वाटीला काय करायचंय मला, त्यात काय आलं ते सांग. दुसऱ्या घरचं खाऊन किती दिवस झाले. काय आहे?"

"अळूचं फदफदं," मी म्हणाले.

"अळू कुठला?" अस्मिताबाईंनी चमकून विचारलं.

"गच्चीवरचा."

"त्या वाफ्यातला? अहो, ते पाणी गाळायचं झाड आहे! आक्का, हात लावू नका. साहेब, बघताय ना तुम्ही?"

आणि त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. भावजयीनं वाढलेल्या ताटावर बसून मी तसंच बघायची. काय घातलंय यात? हिच्या मनात काय आहे?

आक्कांनी चमचासुद्धा मागितला नाही. वाटी उचलली, तोंडाला लावली आणि मोठा घोट घेतला. घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. डोळे बारीक झाले. हात गळ्याकडं गेला. एक खाकरा, दुसरा खाकरा, आणि मग ठसकाच लागला.

"आक्का!" अस्मिताबाई ओरडल्या. "पाणी! अहो, काय घातलंत तुम्ही? काय घातलंत? साहेब, डॉक्टरांना फोन करा!"

बाबर साहेब उठून उभे राहिले. वृषालीताईंनी माझा दंड धरला. मी काहीच घातलं नव्हतं, पण त्या घटकेला मला स्वतःचीसुद्धा खात्री वाटेना. दवाखान्याचं हिरवं दार मला समोर दिसायला लागलं.

आक्कांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. पाणी प्यायल्या, डोळे पुसले आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "चिंच कमी घातलीस गं."

"काय?"

"चिंच कमी पडली. घसा खाजतोय नुसता! अळूला चिंच सढळ लागते, आईनं शिकवलं नाही होय?"

"शिकवलं होतं," मी म्हणाले. "डब्यात नव्हती."

"मग मागायची की. अस्मिता, यातलीच एक वाटी घासून आण आणि चिंच दे हिला. मोठा गोळा दे. पुढच्या वेळी नीट कर." आणि खाजणारा घसा खाकरत उरलेलं सगळं फदफदं त्यांनी संपवलं.

मला तिथंच रडू कोसळलं. ताट खाली ठेवायचंही भान राहिलं नाही. दहा-बारा वर्षं माझ्याशी सगळे गोड बोलत होते. मी काही केलं की छान शालन, शाब्बास शालन. माझ्या हातून काही कमी पडलं असं कुणी म्हणतच नव्हतं, कारण माझ्याकडून काही अपेक्षाच नव्हती. आणि पुढच्या वेळी असंही कुणी म्हटलं नव्हतं.

"आक्का, तुम्ही मला का पाठवत होता हो?" मी डोळे पुसत विचारलं. संशय जातो होय असा?

"पहिल्या दिवशी खालच्या व्हरांड्यात जेवत होतीस, मी इथनं बघितलं. एकेक घास हुंगून खात होतीस. म्हटलं, हिला घरचं लागतंय. मी येणार होते, पण लिफ्टच्या त्या पेटीत मी नाही बसायची. मेली कधी अडकवेल सांगता येत नाही." मग सुनेकडं डोळा घालून म्हणाल्या, "मी पण हुंगते. हिच्या हातचं असलं की."

"आक्का!" अस्मिताबाई म्हणाल्या. बाबर साहेब मोठ्यानं हसले, आणि कसंनुसं का होईना, त्याही हसल्या.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये तक्रारीचा विषय निघालाच नाही. मुंग्यांवर मात्र खूप चर्चा झाली.

खोली माझी झाली. त्यानंतर पुष्कळ वर्षं वाट्या जिन्यानं वरखाली करत राहिल्या, रिकाम्या कधीच नाहीत. अस्मिताबाई मात्र माझ्याशी जपूनच वागायच्या. आणून द्यायच्या, घ्यायच्या. मी दिलेलं खाताना मी त्यांना कधी बघितलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "छान होतं हं." दवाखान्यातल्या नर्ससारखं. मला तो शब्द ऐकला की संशय यायचा, ही खाते की बादलीत ओतते?

आक्का गेल्या तेव्हा त्यांची एक वाटी माझ्याकडं होती. पाळी माझी होती. त्यांचे दिवस होऊन गेल्यावर मी गच्चीवरनं अळू आणला, फदफदं केलं, वाटी भरून वर गेले. अस्मिताबाईंचे डोळे सुजलेले होते. त्यांनी वाटी घेतली, नावावरून अंगठा फिरवला आणि तिथंच दारात उभं राहून, न हुंगता, तोंडाला लावली. मी त्यांच्या गळ्याकडं बघत राहिले.

त्यांनी घोट गिळला. मग खाकरल्या, परत खाकरल्या.

"शालनताई," त्या म्हणाल्या, "चिंच कमी पडलीय."

"माहितीय," मी म्हणाले. "मुद्दाम कमी घातली होती."